प्रगतिपुस्तकातला वजनाचा रकाना

आमच्या लोणावळ्यात पाऊस सुरू झाला की दोन गोष्टी हमखास होतात. भुशी डॅमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि घरोघरी कुणाचं ना कुणाचं पोट बिघडतं. पहिली गोष्ट पाहुण्यांची, दुसरी आमची. पोटाच्या तक्रारीला इथे कुणी फारसा भाव देत नाही. ओवा खा, हिंग लाव, ताक पी, दोन दिवसांत बरं वाटेल, असा सगळा मामला. मीही जन्मभर हेच सांगत आले. आज जे लिहिते आहे ते थोडं याच्या विरुद्ध आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झाले, बी. एड. केलं आणि मावळातल्या शाळांमध्ये बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं. पण गेल्या वर्षी घरात जे घडलं त्याने मला सत्तरी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी केलं. तेवढंच सांगायचं आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची नात पुण्याला कॉलेजात शिकते. मला ती ‘मोठी आज्जी’ म्हणते. वय एकोणीस. रोज सकाळच्या लोकलने जायचं आणि संध्याकाळच्या लोकलने यायचं. श्रावणात तिला टायफॉइड झाला. तीन आठवडे अंथरुणात होती. ताप उतरला, रिपोर्ट चांगले आले, सगळे निश्चिंत झाले. गणपतीत आमच्याकडे जेवायला आली तेव्हा पाहिलं तर चेहरा निमुळता झालेला, मनगटं बारीक झालेली. एरवी पाच मोदक खाणारी मुलगी, तिने अर्धा मोदक खाऊन पान बाजूला सारलं. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “बारीक झालीस गं, छान दिसतेस!”

हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही.

दिवाळीत ती आणखी वाळली होती. जेवण झालं की पोट तुडुंब भरल्यासारखं वाटायचं, वरच्या बाजूला दुखायचं, मग दोन-तीन तासांनी उलटी. उलटी हिरवट, कडू. कधी कधी त्यात सकाळचं खाल्लेलं जसंच्या तसं. उलटी झाली की बरं वाटायचं. त्यामुळे ती हळूहळू खायलाच घाबरू लागली. कमी खायचं म्हणून वजन आणखी घटायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिला विचारत होत्या, “काय डाएट करतेस गं? आम्हालाही सांग.” ती नुसती हसली. नंतर कळलं, त्या दिवशी तिळगूळ खाऊनसुद्धा तिला त्रास झाला होता.

या चार-पाच महिन्यांत उपचार झाले नाहीत असं नाही. आधी पित्त म्हणून गोळ्या झाल्या. मग जंताचं औषध झालं. ओळखीच्या बाईंनी नजर उतरवली. एका ठिकाणी दुर्बीण घालून जठर पाहिलं, ‘किरकोळ सूज’ असं निदान आलं. मग एका डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, “हे मानसिक आहे. आजकालच्या मुलींना बारीक व्हायचं असतं. मुद्दाम उलट्या काढत असेल. लक्ष ठेवा.” झालं! घराचा सूरच बदलला. ती मोरीत गेली की आई दाराशी उभी राहायची. वडील ताटावर पहारा द्यायचे. ती रडून सांगायची, “मला खायचंय गं, पण पुढे जातच नाही.” पुढे जातच नाही, हे तिचेच शब्द. इतकं नेमकं वर्णन आम्ही कुणीच ऐकलं नाही.

आता माझा दुसरा गुन्हा. ती काही दिवस माझ्याकडे राहायला आली होती. जेवण झालं की ती पालथी पडायची. गुडघे पोटाशी घेऊन, कपाळ उशीवर टेकवून. नाहीतर डाव्या कुशीवर मुटकुळं करून. मी जन्माची मास्तरीण. मुलांना ‘ताठ बसा’ म्हणण्यात माझी हयात गेली. मी तिला म्हणायची, “अगं, सरळ उताणी झोप. असं झोपून पाठीला पोक येईल.” ती बिचारी सरळ व्हायची आणि पाच मिनिटांत कळवळून पुन्हा वळायची. शेजारच्यांनी तर निष्कर्षच काढला, गुडघे पोटाशी घेतले की बरं वाटतं म्हणजे वायूच धरलाय, पवनमुक्तासन करायला लावा. लोणावळा हे १९२४ पासून कैवल्यधामचं गाव, आसनांवर मत प्रत्येकाला असतंच.

शेवटी माघात एक दिवस उलट्या थांबेचनात. पाण्याचा थेंब राहीना, तेव्हा तिला पुण्याला दवाखान्यात भरती केलं. तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीण होती, आमच्या मुलीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. तिने सलाईन लावलं, नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं आणि मग खुर्ची ओढून बसली. तिने तीन प्रश्न विचारले. “मागच्या वर्षी तुझं वजन किती होतं?” “त्रास आधी सुरू झाला की वजन आधी उतरलं?” आणि “कसं झोपल्यावर बरं वाटतं?”

मागच्या वर्षी ४७ किलो होतं, कॉलेजच्या तपासणीत लिहिलेलं होतं म्हणून सांगता आलं. त्या दिवशी भरलं ३८. उंची १६० सेंटीमीटर. नऊ किलो गेले होते, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश मुलगी नाहीशी झाली होती आणि आम्ही तिला ‘छान दिसतेस’ म्हणत होतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, वजन आधी. तिसऱ्याचं उत्तर तिने करूनच दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी जुन्या दुर्बिणीच्या तपासणीचा कागद मागितला. त्यात दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की रात्रभर उपाशी असूनही जठरात बरंच अन्न शिल्लक आहे. खालचा ‘किरकोळ सूज’ हा शेरा सगळ्यांनी वाचला होता, ही ओळ कुणी वाचली नव्हती. व्याकरणाच्या बाईंच्या घरात हे व्हावं!

दुसऱ्या दिवशी रक्तवाहिन्या दिसतील असं औषध शिरेतून देऊन सी. टी. स्कॅन केला आणि निदान झालं. सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी सिंड्रोम. लहान नाव विल्की सिंड्रोम. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी एकोणिसाव्या शतकात हा प्रकार नोंदवला होता, आणि एडिंबरोचे सर्जन डेव्हिड विल्की यांनी १९२७ मध्ये ७५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून त्यांचं नाव.

मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. पाठीच्या कण्याच्या पुढून शुद्ध रक्ताची मुख्य वाहिनी, महारोहिणी, खाली उतरते. तिच्यातून पुढच्या बाजूला आतड्यांना रक्त पुरवणारी एक फांदी फुटते आणि तीही खालीच जाते. म्हणजे दोघींमध्ये एक कोन तयार होतो. अडकित्ता थोडा उघडून उभा धरावा तसा. या अडकित्त्याच्या दोन पात्यांमधून आपल्या लहान आतड्याचा पहिला भाग, ज्याला ड्युओडेनम म्हणतात, तो आडवा जातो. जठरातून निघालेल्या प्रत्येक घासाला याच वाटेने जावं लागतं.

मग अडकित्ता मिटत का नाही? कारण दोन पात्यांच्या मध्ये चरबीची एक छोटी गादी असते. ती फांदीला वर उचलून धरते. हा कोन साधारण ३८ ते ६५ अंशांचा असतो आणि दोन वाहिन्यांमधलं अंतर १० ते २८ मिलिमीटर. माणूस झपाट्याने वाळला की बाहेरची चरबी जाते तशी आतली ही गादीही जाते. फांदी खाली कलते. कोन २५ अंशांच्या खाली आणि अंतर ८ मिलिमीटर किंवा त्याहून कमी झालं की मधलं आतडं दाबलं जातं. अन्न पुढे सरकत नाही. उताणं झोपलं की दाब वाढतो. पालथं, डाव्या कुशीवर किंवा गुडघे छातीशी घेऊन राहिलं की कोन जरा उघडतो आणि सुटका वाटते. आमची पोर आपल्या परीने तेच करत होती. औषध तिला सापडलं होतं आणि मी तिला त्याबद्दल रागवत होते.

आमच्या घाटातला अमृतांजन पूल आठवतो का? १८३० चा तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. त्याच्या दगडी खांबांमधून एक्स्प्रेसवेच्या गाड्या दाटीवाटीने निघायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मागे लांबच लांब रांग. रांगेतल्या गाडीत काही बिघाड नसायचा. बिघाड पुढच्या अरुंद वाटेत. जठराचं तसंच झालं होतं. आम्ही रांगेतल्या गाडीचं बॉनेट उघडून बसलो होतो.

हे दुखणं विरळा आहे. वाळण्याचं कारण मात्र कोणतंही असू शकतं. मोठा ताप, क्षय, कर्करोग, भाजल्यानंतरचे महिने, मोठा अपघात, फार दिवस अंथरुणाला खिळणं, जेवणाची भीती बसणारा मानसिक आजार, वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया. पाठीचा वाकडा कणा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही होतो, कारण कणा ताणला जाऊन कोन बदलतो. पूर्वी सगळ्या धडाला प्लास्टर घालत तेव्हाही व्हायचा. वाढीच्या वयात उंची भराभर वाढली आणि वजन मागे राहिलं, तरी होऊ शकतो.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वैद्यकातही या निदानाबद्दल बराच काळ वाद होता. काही बारीक माणसांचा कोन मुळातच लहान असतो आणि त्यांना काहीच त्रास नसतो. त्यामुळे नुसत्या फोटोवरून निदान होत नाही. वजन उतरल्याचा इतिहास, तक्रारी, आणि वाट खरोखर अडली आहे हे दाखवणारी तपासणी, तिन्ही जुळावं लागतं. शिवाय आपल्याकडे वजन घटणं आणि आतड्याला अडथळा हे दोन्ही एकत्र आले तर आतड्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो, तो जास्त आढळतो. डॉक्टरांनी तो आणि इतर कारणं तपासून मगच शिक्का मारला. तेव्हा हे वाचून कुणी उलटी झाली की सी. टी. स्कॅन मागू नये.

उपचार ऐकून आम्ही थक्कच झालो. औषध काय, तर अन्न! ज्या मुलीला अन्न जात नाही तिला अन्नच द्यायचं. नाकातून बारीक नळी घालून ती अडथळ्याच्या पलीकडे, पुढच्या आतड्यात नेऊन ठेवली आणि थेंबाथेंबाने पातळ आहार सुरू केला. तोही घाईने नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं, म्हणून रोज रक्त तपासत होते. गादी पुन्हा भरली की अडकित्ता उघडतो, इतकं साधं गणित. भरला नाही तर अडथळा टाळून आतड्याला आतडं जोडण्याची शस्त्रक्रिया असते. ती वेळ आली नाही. पाच आठवडे नळी राहिली. मग पेज, नाचणीचं सत्त्व, ताकभात, थोडं थोडं, दिवसातून सात-आठ वेळा, आणि खाल्ल्यावर डाव्या कुशीवर. आमच्या मावळचा इंद्रायणी तांदूळ तसाही मऊ शिजतो. त्याची पेज करताना मला पहिल्यांदा वाटलं की आपणही काहीतरी करतो आहोत. जूनपर्यंत ती ४४ किलोवर आली आणि उलट्या थांबल्या.

इथपर्यंत गोष्ट झाली. आता माझं म्हणणं.

पहिलं. ‘मानसिक’ हा शब्द शेवटी वापरावा, आधी नको. मनाचे आजार खरे असतात, त्यांनाही उपचार लागतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. खाण्याच्या मानसिक आजारातूनही माणूस इतका वाळतो की हे आतड्याचं दुखणं जडतं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी असू शकतात. पण कारण सापडलं नाही म्हणून ‘मानसिक’ म्हणणं हे निदान नाही, ती सुटका आहे. तरुण मुलगी असली की ही सुटका फार लवकर करून घेतली जाते. डॉक्टरांनाच दोष देत नाही. आम्ही घरच्यांनी तो शब्द किती झटकन उचलला! मुलीवर विश्वास ठेवण्यापेक्षा संशय घेणं आम्हाला सोपं गेलं.

दुसरं. बारीक होण्याचं कौतुक करणं आपण थांबवायला हवं. माझ्या लहानपणी कुणी वाळलं की आजी विचारायची, “काय होतंय तुला?” आता आपण विचारतो, “काय केलंस?” प्रश्न बदलला आणि त्याबरोबर काळजीही गेली. चरबी म्हणजे कचरा, अशी आपली समजूत झाली आहे. ती शरीरात काही ठिकाणी गादीचं काम करते हे मला सत्तरीत कळलं. माझ्या वयाच्या बायकांनी तर लक्षात ठेवावं असं आणखी एक आहे. कमरेच्या हाडाला पुढच्या बाजूला एक छिद्र असतं, तिथलीही चरबी वाळल्यावर जाते आणि म्हाताऱ्या, हडकुळ्या बायकांमध्ये त्यातून आतडं घुसून अडकू शकतं. ऑब्च्युरेटर हर्निया म्हणतात त्याला. बाहेरून गाठ सहसा दिसत नाही, मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत दुखतं आणि आपण संधिवात समजून तेल चोळत बसतो. मांडीच्या दुखण्याबरोबर पोट फुगणं आणि उलट्या असतील तर तेलाची बाटली ठेवून दवाखाना गाठावा. मार्च २०२५ पासून वजन उतरवणारी मौंजारो नावाची इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागली आहेत. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावीत. पण हळदीकुंकवातल्या सल्ल्यावरून नकोत.

तिसरं, आणि हे माझ्याच पेशाबद्दल. प्रगतिपुस्तकात ‘उंची’ आणि ‘वजन’ असे दोन रकाने असतात. आमच्या शाळेत एकच वजनकाटा होता, तोही अडकणारा. पन्नास-साठ मुलं, पावसाळी अंधार, निकालाची घाई. मग आम्ही काय करायचो? मागच्या वर्षीचा आकडा बघायचो आणि दोन किलो मिळवायचो. मीही केलं आहे. नाणे मावळातल्या एका शाळेत असताना आठवीतल्या एका मुलीच्या रकान्यात मी असेच दोन किलो वाढवून लिहिले. पुढच्या वर्षी तिचं नाव पटावरून कमी झालं तेव्हा चौकशी केली, तर तिला क्षय निघाला होता. म्हणजे मी वजन वाढवून लिहिलं त्या वर्षी ती वाळत होती. ती बरी झाली, पुढे लग्न होऊन वडगावला गेली. पण शाळा सुटली ती सुटलीच. त्या रकान्यात मी खरा आकडा लिहिला असता तर कुणीतरी विचारलं असतं, असं मला वाटत राहतं. कदाचित मीच विचारलं असतं.

म्हणून माझी सूचना अगदी घरगुती आहे. दर महिन्याच्या एक तारखेला घरातल्या प्रत्येकाचं वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं. दूधवाल्याचा हिशेब लिहितो, गॅसची तारीख लिहितो, तिथेच. ते जास्त की कमी, यावर कुणी शेरा मारायचा नाही. पण काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा हिस्सा गेला, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो, तर डॉक्टरांना विचारायचं. आणि जाताना ते आकडे घेऊन जायचं. सोबत उलटी कोणत्या रंगाची, जेवणानंतर किती वेळाने, कसं झोपल्यावर बरं वाटतं, हेही लिहून न्यावं. आपण डॉक्टरांपुढे जाऊन ‘पोट दुखतं’ एवढंच सांगतो आणि त्यांनी सगळं ओळखावं अशी अपेक्षा करतो. उत्तरपत्रिकेत एक ओळ लिहून पूर्ण गुण मागणाऱ्या मुलासारखं आहे ते. आणि हिरवी उलटी थांबत नसेल, पोट फुगलं असेल, वारा सरत नसेल, तर कॅलेंडर बाजूला ठेवून तडक दवाखान्यात जावं.

त्या डॉक्टरीणबाईंना मी निघताना विचारलं होतं, “तुम्हाला कसं सुचलं हो?” त्या म्हणाल्या, “मला काही सुचलं नाही, तिनेच सांगितलं.” मला वाईट वाटलं ते याचंच. तिने आम्हालाही सांगितलं होतं.

परवा ती आली होती. आता वजन ४६ आहे. जेवण झाल्यावर सवयीने डाव्या कुशीवर झोपली, पाय पोटाशी घेऊन. मी काही बोलले नाही. पांघरूण घातलं आणि आत जाऊन कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली तिचा आकडा लिहून ठेवला. खरा.